पाठ सोडायची नाही

(दृश्य : जुनं चित्रण, साओ पावलो)

२००३ सालची एडीसीसी, म्हणजे ब्राझिलियन जिउ-जित्सूसारख्या पकडींनी लढायची स्पर्धा. ७७ किलोखालचा गट. ऐनवेळी बदली म्हणून आलेला वीस वर्षांचा मार्सेलो गार्सिया आणि समोर नावाजलेला विटोर ‘शाओलिन’ रिबेरो. मार्सेलोने हात ओढला, आणि तो पाठीमागे पोचलासुद्धा.

(चित्र थांबतं)

मागून गळा आवळणारा हात सगळेच बघतात. आपण बाकीचं बघू.

(दृश्य : सरावाचा मॅट, हात जवळून)

निळ्या पट्ट्याची, म्हणजे पांढऱ्यानंतरच्या पायरीवरची मुलगी, पुढ्यात तिच्याहून दांडगा जोडीदार. तिचा एक हात त्याच्या खांद्यावरून, दुसरा काखेखालून आणि दोन्ही पंजे त्याच्या छातीवर एकमेकांत घट्ट. ही सीटबेल्ट पकड. तिची छाती त्याच्या पाठीला चिकटलेली, कारण मध्ये फट पडली की तो वळणार.

(दृश्य : पाय)

त्याच्या मांड्यांच्या आत अडकवलेल्या तिच्या टाचा म्हणजे हूक. तो सरकतो तसे तेही सरकतात. आपलेच दोन्ही पाय एकमेकांत अडकवायचा मोह होतोच. तसं केलं की खालचा त्यावर आपला पाय टाकून कंबर उचलतो आणि घोटा सापडतो.

कुस्ती बघत वाढलेल्यांना एक गोष्ट उलटी वाटेल. तालमीत पाठ टेकली की कुस्ती गेली, म्हणून पैलवान पालथा पडून वाचतो. जिउ-जित्सूत पालथं पडणं म्हणजे पाठ देणं. मागच्याने दोन्ही हूक आत घालून तीन सेकंद धरलं की जिउ-जित्सूच्या प्रचलित नियमांत ४ गुण जातात. आणि सुटायचं असेल, तर खांदे मॅटला टेकवायचे!

(दृश्य : दोघं कुशीवर)

हा बघा, तेच करतोय. तिच्या काखेखालच्या हाताच्या बाजूला कलतोय. ती गळ्यामागे धावत नाही. खांद्यावरच्या हाताच्या बाजूला दोघांना लोळवते, सुटलेला हूक आत घालते. तो पुन्हा निसटतो. ती पुन्हा घालते. गळ्याला हात न लावता पाच मिनिटं एवढंच. आमच्या सगळ्या चित्रीकरणात मला हीच पाच मिनिटं सगळ्यात मोलाची वाटतात.

(दृश्य : पुन्हा साओ पावलो)

आता तो गळ्यावरचा हात. पोर्तुगीजमध्ये ‘माता लेआंव’, सिंहाला मारणारा. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. शाओलिनची शुद्ध हरपली. गट मार्सेलोने जिंकला. पुढे २००५, २००७ आणि २०११ मध्येही.

(आवाज बंद. चित्र चालू.)