प्रोसेसर घेताना कोड वाचा

श्रोतेहो, नमस्कार. घरासाठी किंवा लहानशा कार्यालयासाठी कॉम्प्युटर जुळवून घेताना आपण प्रोसेसरचा वेग विचारतो, कोअर किती आहेत ते विचारतो आणि किमतीवरून घासाघीसही करतो. पण या प्रोसेसरमध्ये हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशनची सोय आहे का, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवायचा असेल, म्हणजे विंडोजमध्ये लिनक्स किंवा नव्या विंडोजमध्ये जुनी, तर ही सोय लागते. इंटेलने ती 2005 मध्ये आणली, तिचे नाव व्हीटी-एक्स. एएमडीने 2006 मध्ये आणली, तिचे नाव एएमडी-व्ही. ही दोन नावे कागदावर टिपून ठेवा: इंटेलची व्हीटी-एक्स, एएमडीची एएमडी-व्ही.

या नावांची किंमत मला 2010 च्या जानेवारीत कळली. साताऱ्याला माझ्या मामेभावाचा लहानसा छापखाना आहे. लग्नसराई तोंडावर आली असताना त्याने विंडोज 7 चे दोन कॉम्प्युटर एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतले. दोन्हींत इंटेलचा कोअर टू ड्युओ ई7500, दोन्हींचा वेग 2.93 गिगाहर्ट्झ, मदरबोर्डही सारखाच. दहा वर्षांच्या लग्नपत्रिका ज्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेल्या होत्या, ते विंडोज एक्सपी या जुन्या विंडोजच्या पुढे चालत नव्हते. (तो सगळा मजकूर तेव्हाच युनिकोडमध्ये आणून ठेवायला हवा होता, असे माझे आजही ठाम मत आहे.) मायक्रोसॉफ्टने विंडोज 7 च्या प्रोफेशनल आवृत्तीसाठी एक्सपी मोड, म्हणजे विंडोज 7 च्या पोटात जुनी एक्सपी चालवण्याची सोय, दिला होता, तोच आमचा आधार होता. पहिल्या कॉम्प्युटरवर तो तासाभरात सुरू झाला आणि जुन्या पत्रिका जशाच्या तशा उघडल्या. दुसऱ्यावर मात्र हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन उपलब्ध नसल्याचा संदेश आला आणि गाडी तिथेच अडली.

आम्ही दोन संध्याकाळी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जमध्ये, घालवल्या. पहिल्या कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची ओळ दिसत होती. दुसऱ्यात सगळी पाने तीच, पण ती ओळच नाही. शेवटी मामेभाऊ म्हणाला, "दादा, आता उघडूनच बघू." पंखा काढला, प्रोसेसरवरची करडी पेस्ट सुती फडक्याने अलगद पुसली आणि टॉर्च तिरपा धरून धातूवर कोरलेली बारीक अक्षरे वाचली. एकावर एसएलजीटीई, दुसऱ्यावर एसएलबी9झेड. नाव एकच, वेग एकच, परंतु एसएलजीटीई कोडच्या ई7500 मध्ये व्हीटी-एक्स होते आणि एसएलबी9झेडमध्ये नव्हते. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी विनातक्रार प्रोसेसर बदलून दिला, खरे तर आम्हाला काय हवे आहे हे आम्ही त्याला आधी सांगितलेलेच नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी मोडसाठीची ही अट काढून टाकली, पण पत्रिका तोवर छापून वाटल्याही गेल्या होत्या. तेव्हापासून मला वाटत आले आहे की, प्रत्येक बिलावर प्रोसेसरचा संपूर्ण कोड छापलेलाच असावा. साबणाच्या वडीवर बॅच नंबर असतो, मग हजारो रुपयांच्या प्रोसेसरच्या बिलावर कोड का नसावा?

आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक नव्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ही सोय असते. जपायचे ते जुना कॉम्प्युटर घेताना. विंडोज 8 पासूनच्या हायपर-व्हीला, म्हणजे पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या विंडोजच्याच सोयीला, याखेरीज स्लॅट नावाची मेमरीची सोयही लागते, आणि ती इंटेलच्या कोणत्याही कोअर टू ड्युओ प्रोसेसरमध्ये नाही. व्हर्च्युअलबॉक्स या त्याच कामाच्या सॉफ्टवेअरनेही 2019 च्या 6.1 या आवृत्तीपासून हार्डवेअरच्या सोयीशिवाय चालणे बंद केले. ग्राफिक्स कार्ड थेट व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे पोटातल्या कॉम्प्युटरच्या, ताब्यात द्यायचे असेल, तर इंटेलमध्ये व्हीटी-डी ही वेगळी सोय पाहावी लागते. 2011 च्या कोअर आय7-2600 मध्ये ती होती, आणि त्याहून महाग असलेल्या 2600के मध्ये नव्हती.

तेव्हा जुना कॉम्प्युटर घ्यायला जाल, तर पैसे मोजण्यापूर्वी तो सुरू करून दाखवायला सांगा. विंडोज 8 किंवा त्यानंतरची विंडोज असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि त्यात सीपीयू निवडा, आणि खालच्या बाजूची व्हर्च्युअलायझेशनची ओळ वाचा. पुन्हा सांगतो: कंट्रोल, शिफ्ट, एस्केप, मग परफॉर्मन्स, मग सीपीयू. तेथे डिसेबल्ड दिसले म्हणून कॉम्प्युटर लगेच नाकारू नका. सोय प्रोसेसरमध्ये असूनही बायोसमध्ये बंद ठेवलेली असू शकते. एएमडीच्या मदरबोर्डवर ती बहुधा एसव्हीएम मोड या नावाने सापडते. ती चालू करा, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा आणि तीच ओळ पुन्हा वाचा. नमस्कार.