हिराइसेला पाठ असलेला ग्रंथ

अमरावती जिल्ह्यातलं, मोर्शी तालुक्यातलं हे रिद्धपूर. मराठी भाषा विद्यापीठामुळे अलीकडे या गावाचं नाव पुष्कळांच्या कानावर आलं आहे. मी मात्र इथे येत राहतो तो एका ग्रंथापायी. नोकरी सांभाळून जुनी पुस्तकं वाचणारा मी माणूस, आणि ज्या ग्रंथाने मला सर्वांत जास्त काळ धरून ठेवलं, तो याच गावात लिहिला गेला. लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींचा, लीळांचा ग्रंथ.

तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. देवगिरीवर यादवांचं राज्य. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी महाराष्ट्रातून निघून गेले होते. ते उत्तरेकडे गेले अशी पंथाची श्रद्धा आहे. मागे राहिलेली मंडळी रिद्धपुरात स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत राहू लागली. स्वामींचे पट्टशिष्य नागदेवाचार्य त्यांच्या आठवणी पुन्हा पुन्हा मनात घोळवत बसायचे. म्हाइंभट हे पाहत होते. मोठे पंडित, शास्त्रार्थात मुरलेले. त्यांच्या मनात आलं, हे सगळं आज यांच्याजवळ आहे, पुढे आलेल्यांनी ते कुणाला विचारायचं? मग रिद्धपुरातल्याच वाजेश्वरी या ठिकाणी नागदेवाचार्य सांगत गेले आणि म्हाइंभट लिहीत गेले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. स्वामींच्या सहवासात जे जे कुणी होते, त्यांना गाठून त्यांनी एकेक लीळा पडताळून घेतली.

हे मला फार मोलाचं वाटतं. सातशे वर्षांपूर्वीचा लेखक प्रसंगाच्या साक्षीदाराला शोधत फिरतो आहे.

ग्रंथाचे भाग तीन: एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. एकांकात स्वामींच्या एकट्याच्या भ्रमंतीचा काळ येतो. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव मरण पावतो, त्या देहात चांगदेव राऊळ हे सत्पुरुष प्रवेश करतात आणि चितेवर न्यायचा देह उठून बसतो, तेच पुढे चक्रधर, ही कथा इथलीच. पुढे शिष्य भोवती जमतात आणि ग्रंथाचा पोत बदलतो. गावांची नावं येतात, देवळं येतात, कोण कुठे बसलं होतं, काय खाल्लं, कोण कुणावर रुसलं, सगळं येतं. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळत आलेला ससा स्वामींच्या मांडीखाली शिरतो आणि ते त्याला अभय देतात. बाईच्या विटाळाचा प्रश्न निघतो, तेव्हा ते सांगतात की नाकाकानांतून जसा मळ वाहतो तसाच हाही देहाचा धर्म. तेराव्या शतकात, मराठीत, हे शब्द नोंदवले गेले आहेत.

दंतकथा कुठे संपते आणि इतिहास कुठे सुरू होतो, असं मला लोक विचारतात. या ग्रंथापुरतं मी म्हणेन, त्या प्रसंगी तिथे कोण होतं ते आधी पाहा. एकांकातल्या प्रसंगांना शिष्यांपैकी कुणी साक्षी नव्हतं. स्वामींनी स्वतः सांगितलं तेवढंच त्यांना ठाऊक. पुढच्या भागांत मात्र ऐकणारे, पाहणारे, प्रश्न विचारणारे समोर आहेत. त्यांत महदाइसा आहे, मराठीची आद्य कवयित्री, जिची जिज्ञासा कधी शमलीच नाही.

आणि मग हा ग्रंथ हरवला.

१२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि पुढची वीसेक वर्षं स्वाऱ्या होतच राहिल्या. त्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असं पंथाची परंपरा सांगते. ज्यांना तो पाठ होता त्यांनी तो आठवून पुन्हा लिहिला. त्यात हिराइसा हे नाव आदराने घेतलं जातं. तिला अख्खं लीळाचरित्र मुखोद्गत होतं.

हे नाव वाचलं की मला स्मृतिस्थळ या नागदेवाचार्यांच्या आठवणींच्या ग्रंथातला एक प्रसंग आठवतो. त्यांचे शिष्य केशोबास यांनी संस्कृतात रचना करायचा विचार केला, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं: ‘नको गा केशवदेया, येणें माझिया म्हातारिया नागवतील.’ म्हणजे, याने माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील. ज्ञान बायाबापड्यांच्या भाषेत राहिलं. ते संस्कृतात कोंडलं असतं, तर हिराइसेच्या ओठांवर हा ग्रंथ असता का?

पुढे चौदाव्या शतकात पंथातल्या रवळोबासांनी सकळ लिपी तयार केली. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा चिन्ह, अशी ही सांकेतिक लिपी. पोथ्या मठांत राहिल्या, पंथाबरोबर पंजाबात, थेट काबूलपर्यंत पोचल्या. पण बाहेरच्या मराठी वाचकाला त्या शतकानुशतकं बंद होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती लिपी उलगडली. हे भावे ठाण्याचे, मिठाच्या व्यवसायातले. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करणाऱ्यांपैकी एक. धंदा सांभाळून त्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिलं. माझ्यासारख्या हौशी अभ्यासकाला यापेक्षा मोठा आधार कुठला?

मूळ पोथी खरंच नाहीशी झाली होती का, यावर मी बराच विचार केला आहे. मला ती हकिकत खरी वाटते, आणि त्याचं कारण ग्रंथातच आहे. लीळाचरित्राच्या प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. लीळांचा क्रम बदलतो, शब्द बदलतात, एखादा प्रसंग एका प्रतीत लांबतो आणि दुसरीत दोन ओळींत आटोपतो. नकलाकाराच्या हातून अक्षर सुटतं, ओळ गळते; पण इथला फरक त्याहून वेगळा आहे. एकच गोष्ट दोन भावंडांनी आपापल्या आठवणीतून सांगावी, तसा तो आहे. शिवाय हा फरक कुणी लपवलेला नाही. एकाची वासना, म्हणजे आठवणीतला पाठ, अशी, दुसऱ्याची तशी, असं पोथीत जागोजागी नोंदवलं आहे. कुणाची आठवण खरी, याचा निवाडा करून बाकीच्या पुसून टाकणं सोपं होतं. स्वामींच्या शब्दांबाबत तो अधिकार लिहिणाऱ्यांनी स्वतःकडे घेतला नाही.

वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली प्रत १९७८ साली साहित्य संस्कृती मंडळाने काढली. जुन्या ग्रंथालयांत ती अजून मिळते. वाचायला घ्याल तेव्हा उत्तरार्धापासून सुरुवात केली तरी चालेल. पण ‘एकी वासना’ असं जिथे दिसेल तिथे घाई करू नका. तो सगळा परिच्छेद दोनदा वाचा, मोठ्याने वाचा; हा ग्रंथ आधी कुणाच्या तरी तोंडून ऐकलेला आहे.