थापट्या काय खातो?

हे बघा, पसरट चोचीचं बदक, चोच पाण्यात घालून गोल गोल फिरतंय. हा थापट्या. थंडीत उत्तरेकडून येतो आणि हडपसरच्या पुढे कवडी पाटला, मुळा-मुठेवर मुक्काम ठोकतो. फोटोवाले याला फार भाव देत नाहीत, त्यांना चक्रवाक हवा असतो, पण आपला विषय आहे पाण्यातलं बारीक प्लास्टिक प्राण्यांच्या पोटात कसं जातं, आणि त्याचा हिरो हाच, कारण हा निवडून खातच नाही. चोचीच्या कडेला बारीक दाते असतात, पाणी आत घ्यायचं, दात्यांतून गाळून बाहेर सोडायचं आणि अडकेल ते गिळायचं, किडे, बिया, छोट्या गोगलगायी, जे असेल ते. पूर्वी यात काही प्रॉब्लेम नव्हता, नदीत त्या साइजचं जे काही तरंगायचं ते बहुतेक खाण्यासारखंच असायचं.

आता तिथेच बंधाऱ्याला पिशव्या आणि थर्माकोल अडकलेत. उन्हाने ते कडक होतात, तुटतात, आणि तुकडा ५ मिलिमीटरच्या आत आला की त्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. शिवाय आपले पॉलिस्टरचे कपडे, प्रत्येक धुण्यात त्यांचे धागे सुटतात, ड्रेनेजमधून जातात, आणि आपलं सगळं ड्रेनेज काही शुद्ध होऊन नदीत जात नाही हे पुणेकरांना सांगायला नको.

बरं, गिळलं तर गिळलं, पडेल की बाहेर! पडतंही बरंचसं. पण खरी गंमत त्याआधी होते. कोपेपॉड नावाचा समुद्रातला एक बारीक जीव आहे, बरेच मासे यांच्यावर जगतात. २०१५ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी त्यांच्या पाण्यात सूक्ष्म शेवाळासोबत प्लास्टिकचे २० मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढे, मणी सोडले. चोवीस तासांत त्यांच्या पोटात जाणारा कार्बन, म्हणजे अन्नातला खरा ऐवज, ४० टक्के कमी झाला. का, तर खाणं बंद झालं नव्हतं, ते जरा लहान पेशी खायला लागले होते, म्हणजे घास घेतायत पण पदरात कमी पडतंय. हेच बरेच दिवस चाललं तेव्हा त्यांच्या अंड्यांतून पिल्लंही कमी निघाली.

काही प्राण्यांना तर वासच फसवतो. समुद्रात पडलेल्या प्लास्टिकवर काही आठवड्यांत शेवाळ चढतं आणि त्यातून डायमिथाइल सल्फाइड नावाच्या वायूचा वास सुटतो, काही समुद्रपक्षी याच वासावर खाणं शोधतात. २०१६ च्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात असे पक्षी इतरांच्या जवळजवळ सहापट जास्त वेळा प्लास्टिक खाताना आढळले. (त्याच वर्षी माशांची पिल्लं आवडीने प्लास्टिक खातात अशी एक बातमी जगभर फिरली होती, तिच्यामागचा शोधनिबंध पुढच्या वर्षी मागे घेतला गेला, त्यामुळे ती बातमी परत आली तर फॉरवर्ड करू नका.)

आपल्याकडे ही गाळून खाणारी मंडळी कमी नाहीत. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीला, आणि तिथे भिगवणला रोहित पक्षी चोच उलटी धरून हेच करतात. इतकं लांब जायचं नसेल तर घराजवळचं डबकं बघा, त्यातल्या डासांच्या अळ्यासुद्धा पाणी गाळूनच खातात. २०१८ मध्ये असंही दिसलं की अळीने खाल्लेले प्लास्टिकचे कण, ती डास होऊन उडाली तरी तिच्या पोटात राहतात, आणि मग ते डास खाणाऱ्या वटवाघळाच्या आणि पाकोळीच्या पोटात जायची वाट मोकळी होते, नदीकाठी कधी न जाता.