आर-वन: शाफ्टांची जागा बदलली तेव्हा

१९९८ साली यामाहाची वायझेडएफ-आर-वन ही मोटरसायकल बाजारात आली आणि दोन आकडे सगळ्यांच्या तोंडी झाले: १५० अश्वशक्ती आणि १७७ किलो कोरडं, म्हणजे इंधन-तेल न धरता, वजन. आकडे होतेच तसे. पण या गाडीचं खरं मोठेपण तिच्या ताकदीत नाही. ते इंजिनाच्या पोटात आहे, आणि ते समजून घ्यायला आधी मागच्या चाकाकडे जाऊ.

चाकाला धरून ठेवणारा हा लांब दांडा म्हणजे स्विंगआर्म. वळण संपत आलंय, गाडी अजून कललेली आहे आणि चालक थ्रॉटल उघडतो, म्हणजे वेग वाढवायला मूठ पिळतो. भार मागे सरकतो, सस्पेन्शन दबायला लागतं. त्याच वेळी चेन ताणली जाते आणि स्विंगआर्म योग्य कोनात असेल तर तीच गाडीचा मागचा भाग सावरून धरते. म्हणजे सगळा खेळ कोनाचा. रस्त्यावरच्या प्रत्येक उंचवट्यासरशी चाक वर-खाली होतं आणि हा कोन बदलतो. स्विंगआर्म आखूड असेल तर फार बदलतो, लांब असेल तर कमी. लांब स्विंगआर्मच्या गाडीवर चालक बिनधास्त थ्रॉटल उघडू शकतो, कारण मागचं चाक पुढच्या क्षणी काय करणार याचा त्याला अंदाज असतो.

मग सरळ लांब स्विंगआर्म लावायचा? तिथेच घोडं अडतं. गाडी चटकन वळायची तर दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, कमी हवा. हलकी आणि आटोपशीर गाडी काय करू शकते हे अभियंते तादाओ बाबा यांच्या होंडा फायरब्लेड गाडीने १९९२ मध्येच दाखवून दिलं होतं. व्हीलबेस वाढवायचा नाही, मधे लांब इंजिन आणि पुढच्या चाकाला हलायला जागाही ठेवायची, म्हटल्यावर कात्री लागायची ती स्विंगआर्मलाच.

आर-वन प्रकल्पाचे प्रमुख कुनिहिको मिवा यांनी कात्री इंजिनाला लावली.

चार सिलिंडरच्या इंजिनात तोवर तीन शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, साधारण एका रेषेत, एकामागे एक असायचे: पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँकशाफ्ट, त्यामागे त्याची ताकद क्लचमधून घेणारा गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, त्यामागे चेन फिरवणारा आउटपुट शाफ्ट. आर-वनमध्ये मधला शाफ्ट वर उचलला आणि मागचा पुढे सरकवून त्याच्या खाली आणला. तिन्हींचा त्रिकोण झाला. इंजिन लांबीला कमी झालं आणि वाचलेली जागा स्विंगआर्मला मिळाली. व्हीलबेस मात्र १३९५ मिलिमीटरच.

आता गाडीच्या उजव्या बाजूला या. क्लचचं हे गोल झाकण क्रँकच्या झाकणापेक्षा किती वर बसलंय बघा. क्लच मधल्या शाफ्टवर असतो, म्हणून हीच ती खूण. जड क्लच वर गेला, इंजिन मागच्या बाजूला उंच झालं, एवढी किंमत मोजावी लागली. माझ्या मते तो सौदा शंभर टक्के फायद्याचा होता.

होंडा, सुझुकी आणि कावासाकीच्या सुपरस्पोर्ट गाड्यांतही पुढे ही रचना आली. २००९ मध्ये यामाहाने आर-वनला क्रॉसप्लेन क्रँक, म्हणजे वेगळ्या घडणीचा क्रँकशाफ्ट, दिला, चारही सिलिंडरच्या स्फोटांमधलं अंतर असमान झालं, गाडीचा आवाजच पालटला. गिअरबॉक्सचे शाफ्ट मात्र एकावर एकच राहिले.