चहाचं पुडिंग

श्रोतेहो, नमस्कार.

आज चहाविषयी बोलायचं आहे, पण कपातल्या नाही. आलं-वेलची घालून उकळलेला आपल्या घरचा चहा आणि गोव्यात हॉटेलापासून नाताळच्या ताटापर्यंत सगळीकडे भेटणारं कॅरॅमल पुडिंग, या दोघांना आज एका डब्यात बसवू. सगळं साहित्य आपल्या स्वयंपाकघरात असतंच. ओव्हनही लागत नाही, प्रेशर कुकर पुरतो.

या दोघांची जुनी ओळखही आहे. दूध, साखर आणि अंडी यांचे असे पदार्थ आपल्याकडे पोर्तुगीज वळणाने रुळले. आणि इंग्लंडच्या राजदरबारात चहाची चाल पाडली ती कॅथरिन या पोर्तुगीज राजकन्येने. १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सशी तिचं लग्न झालं. हुंड्यात मुंबई दिली ती हीच. म्हणजे पुडिंगमध्ये चहा घालणं हा काही आगाऊपणा नव्हे. चवीचं म्हणाल तर जळत्या साखरेचा कडवटपणा आणि चहाचा तुरटपणा एकमेकांना इतके धरून राहतात की व्हॅनिला इसेन्सची आठवणही होत नाही. ती बाटली कपाटातच राहू द्या.

एक गोष्ट मात्र मनात पक्की धरा. चहाला खळखळून उकळी लागते आणि अंड्याला ती सोसत नाही. या पदार्थातलं सगळं कसब या दोन स्वभावांना सांभाळण्यात आहे. म्हणून आधी चहाचं सगळं उरकायचं, तो निवू द्यायचा आणि मगच अंडी हातात घ्यायची.

तर चहा. एक कप पाण्यात इंचभर आलं ठेचून घाला. पाच-सहा वेलच्या, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, दोन लवंगा आणि चार मिरीदाणेही घाला. मसाला आपल्या कुळागरातला, म्हणजे सुपारी-मसाल्याच्या बागेतला, मिळाला तर दुधात साखरच. फोंड्याकडच्या, सावई-वेऱ्याच्या बागायतीतली मिरी आणि जायफळ हातात घेतल्याबरोबर वास येतो. पाकिटातली तयार चहा मसाल्याची पूड मात्र इथे नको. ती गाळण्यातून खाली उतरते आणि जिभेला रवाळ लागते.

आल्याविषयी जरा सविस्तर सांगायला हवं. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं. चीनच्या दक्षिण भागात याच गुणाचा उपयोग करून, गरम दुधात आल्याचा ताजा रस घालून गोड दूध थिजवतात. आपल्याला तसं थिजवायचं नाही. शेवटी वरून आलं किसून घातलं तर दूध फाटेल आणि अंड्याचं घट्ट होणंही बिघडेल. पाण्यात चार-पाच मिनिटं खळखळ उकळलं की ते एन्झाइम निकामी होतं, चव तेवढी उरते. म्हणून आलं पहिल्यांदा आणि पाण्यातच. सुंठ वापरणाऱ्यांना ही काळजी नाही.

पाणी अर्ध्यावर आलं की दोन मोठे चमचे दाणेदार चहापूड घाला. एवढी? हो, एवढीच. प्यायच्या चहाच्या जवळजवळ दुप्पट कडक हा चहा हवा. दुधातलं केसीन हे प्रथिन चहाचा तुरटपणा धरून ठेवतं, अंडं त्याला आणखी सौम्य करतं आणि थंड पदार्थात चव तशीही दबते. भांड्यात बरोबर वाटलेला चहा डब्यातून निघेपर्यंत नुसता रंग होऊन बसतो. दोन मिनिटांनी अर्धा लिटर सायीचं दूध घाला, एक चांगली उकळी येऊ द्या, गॅस बंद करून पाच मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. गाळलेला चहा अर्धा लिटर भरायला हवा. कमी पडला तर दूध घाला, जास्त झाला तर आटवा. त्यात ८० ग्रॅम साखर विरघळवा, वरून थोडं जायफळ किसा आणि तो निवू द्या.

तोवर कॅरॅमल. घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा डबा घ्या, त्यात १०० ग्रॅम साखर आणि दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर ठेवा. चमचा घालू नका. ढवळलं की साखरेचे परत खडे होतात. डबा पकडीत धरून नुसता हलवा. सोनेरी रंगावर थांबायचा मोह होतो, पण चहाबरोबर गडद तपकिरी रंगच हवा, धूर यायच्या जरा आधीचा. मग डबा फिरवून तळ आणि कडा माखून घ्या. इथे फार जपा, साखरेचा हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी तापलेला असतो. मुलं आसपास नकोत.

आता अंडी. तीन अख्खी आणि एक जादा बलक. गावठी अंडी लहान असतात, ती असतील तर चार अख्खी घ्या. काट्याने हलकेच फेटा, फेस नको, कारण फेसाचेच पुढे बुडबुडे होतात. चहात बोट बुडवून ठेवता आलं तरच तो कोमट झाला असं समजा. मग बारीक धारेने अंड्यात ओता आणि ढवळत राहा. पुन्हा एकदा गाळा, वरचा फेस चमच्याने काढा आणि मिश्रण डब्यात भरा.

अंड्याचं पांढरं ६० अंशांच्या जरा पुढे थिजू लागतं, बलक ६५ ते ७० च्या दरम्यान. दूध-साखर मिसळल्यावर हाच आकडा ८० च्या आसपास जातो. ८५ च्या फार पुढे गेलं की प्रथिनं आवळतात, पाणी सोडतात आणि पुडिंगला जाळी पडते. म्हणजे आपल्या हातात जेमतेम पाच-सात अंशांची जागा आहे. म्हणून कुकरच्या तळाशी ताटली, दोन बोटं पाणी, डब्याला घट्ट झाकण आणि कुकरची शिट्टी काढून ठेवलेली. पाण्याला वाफ धरली की आच अगदी बारीक करा. पाणी खदखदताना ऐकू आलं तर आच जास्त आहे. कुकरऐवजी चवथीचं मोदकपात्रही चालतं.

अर्ध्या तासाने उघडून बघा. कडेपासून थोडं आत खुपसलेली सुरी स्वच्छ निघायला हवी आणि मधला भाग किंचित थरथरायला हवा. मधलाही घट्ट होईपर्यंत थांबू नका, बाहेर काढल्यावर तो आतल्या उष्णतेने आपोआप बसतो. थरथर फार असेल तर आणखी पाच-सात मिनिटं द्या. निवल्यावर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. इतकं थांबायचं म्हणून काहीजण दोन तासांत उलटं करतात, पण तेवढ्यात तळाची साखर पुरती विरघळत नाही आणि तिचा रस सुटत नाही. सकाळी कडेने सुरी फिरवा, डब्याचा तळ क्षणभर गरम पाण्यात धरा, वर ताटली ठेवा आणि उलटा.

अंडं न खाणाऱ्यांसाठी, किंवा सोमवारी आणि श्रावणात, कस्टर्ड पावडर आहेच. ती निघालीच मुळी या गरजेतून. १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने अंडं न सोसणाऱ्या आपल्या बायकोसाठी कॉर्नफ्लॉवरचं कस्टर्ड केलं. पण तयार पावडरीत व्हॅनिला असतो, तो चहाशी भांडतो. त्यापेक्षा साधं कॉर्नफ्लॉवर घ्या. वरच्याच अर्धा लिटर चहातला अर्धी वाटी गार चहा बाजूला काढा, त्यात तीन मोठे चमचे कालवा, उरलेल्या उकळत्या चहात ओता आणि दोन-तीन मिनिटं ढवळत शिजवा. गंमत म्हणजे इथे उकळी लागतेच, नाहीतर कॉर्नफ्लॉवर कच्चं लागतं. हे वाटीतच खायचं, उलटं करायचं नाही.

दोन्ही प्रकार फ्रिजमध्ये दोन दिवस छान राहतात. झाकण मात्र घट्ट लावा आणि डबा मासळीच्या खणापासून लांब ठेवा, कारण दुधाचा पदार्थ शेजारचा वास लगेच ओढून घेतो. रविवारी खायचं असेल तर शनिवारी संध्याकाळीच करून ठेवा.

नमस्कार.