फुगणारा कोळसा आणि नऊपैकी गुण

कोल्हापुरातल्या श्रोत्यांना कोळसा समजावून सांगण्यासाठी मला नेहमी ज्वारीच्या पिठाचा आधार घ्यावा लागतो. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापता येत नाही, हे येथे प्रत्येकाला ठाऊक आहे. दगडी कोळशालाही विरी, म्हणजे तापल्यावर मऊ होऊन चिकटण्याचा गुण, असते आणि तो उघड्यावर पडून राहिला की ती जाते, एवढेच आज सांगायचे आहे. (ही उपमा ऐकून धनबादकडचे एक स्नेही म्हणाले होते की, तुम्ही कोळसा खाता की काय!)

परीक्षा साधी आहे. बारीक दळलेला एक ग्रॅम कोळसा झाकणाच्या मुशीत घालून तापवायचा; दीड मिनिटात ८०० आणि अडीच मिनिटांत ८२० अंश सेल्सिअस गाठायचे. कोळसा मऊ होतो, आतला वायू त्याला फुगवतो, मग तो घट्ट होतो आणि मुशीत एक काळे बटण उरते. त्याची बाह्यरेषा ठरलेल्या आकृत्यांशी ताडून शून्यापासून नऊपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या अंकाने, फुगवट्याचा अंक देतात. भुकटी भुकटीच राहिली तर शून्य.

माझी तक्रार या अंकाविषयी नसून त्याला शाळेतले गुण समजणाऱ्यांविषयी आहे. अनेक वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या बॉयलरसाठी कोळसा घ्यायचा होता आणि खरेदी पाहणाऱ्या गृहस्थांनी, जास्त अंक म्हणजे जास्त चांगला, असा हिशेब करून सहा अंकाचा माल मागवला. बॉयलर साखळी-जाळीचा, म्हणजे सरकत्या लोखंडी जाळीवर कोळसा जाळणारा. जाळीवर कोळसा वितळून एकमेकांना चिकटला, त्याच्या फरशा झाल्या, खालून येणारी हवा अडली आणि प्रत्येक पाळीत दोन माणसे पहार घेऊन त्या फरशा फोडू लागली. मी अहवाल दिला, तो फायलीत गेला. उरलेला ढीग आवारात तसाच पडला, त्याने उन्हाळा पाहिला आणि नंतरचा आपला पाऊसही पाहिला. दिवाळीनंतर नाइलाजाने तोच कोळसा पुन्हा जाळीवर घातला, तर तो निमूटपणे जळला! मी मूस तापवली, अंक दोनावर आला होता. हवेतला प्राणवायू लागून विरी गेली होती. उष्णताही थोडी कमी झाली असणार, पण पहार भिंतीला टेकली. त्या गृहस्थांनी मात्र, माल सुधारल्याबद्दल, पुरवठादाराला आभाराचे पत्र पाठवले. माझ्या अहवालाची मला आजतागायत पोचही आलेली नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा ज्यासाठी आपण मला बोलावले तो मुद्दा घाईने सांगतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत क्युपोलामध्ये, म्हणजे लोखंड वितळवण्याच्या उभ्या भट्टीत, जो हार्ड कोक पडतो, तो हवेशिवाय तापवून फुगणाऱ्या, चिकटणाऱ्या कोळशापासूनच होतो. तेथे विरी हवीच. मात्र केवळ अंकावरून कोकची ताकद सांगता येत नाही आणि कोक करण्याच्या भट्टीच्या भिंतींवर किती दाब पडेल हेही सांगता येत नाही. त्यासाठी डायलॅटोमीटर, म्हणजे तापताना कोळसा किती आकसतो-फुगतो हे मोजणारे उपकरण, आणि दाबाच्या वेगळ्या चाचण्या असतात. झारखंडमधल्या झरियासारख्या खाणींतला कोळसा इतर कोळशांत मिसळून भट्टीत घालतात. लिग्नाइट आणि अँथ्रासाइट, म्हणजे सर्वांत कोवळा आणि सर्वांत जून कोळसा, दोन्ही फुगत नाहीत. फुगतो तो मधला. बॉयलरच्या जाळीला आणि स्थिर थराच्या गॅसिफायरला, म्हणजे कोळशाचा वायू करणाऱ्या यंत्राला, कमी अंकाचा कोळसा मानवतो.

नमुना देताना तो घट्ट झाकणाच्या डब्यात द्यावा, डब्यावर तो काढल्याची तारीख लिहावी आणि दळल्यावर परीक्षा लांबवू नये. आणलेली दोन बटणे टेबलावर ठेवली आहेत. मोठे हाताळताना दाबू नये, ते आतून पोकळ आहे.