दोरी ओढायची कशी?

नमस्कार, श्रोतेहो.

युरोपातल्या मध्ययुगीन लढायांचा विषय निघाला की क्रॉसबो येतोच. लाकडी दांड्यावर आडवी बसवलेली कमान, दोरी अडकवायला शिंगाची खाच असलेली फिरकी आणि खाली खटका. नेम धरायचा, खटका दाबायचा. साध्या धनुष्यासाठी लहानपणापासून हात तयार करावा लागे, इथे तसं नाही. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९९ साली फ्रान्समध्ये शालूच्या किल्ल्यापाशी अशाच एका बाणाने जखमी झाला आणि ती जखम चिघळून गेला. ही गोष्ट सगळे सांगतात. पण बाण सुटण्याआधी ती दोरी खाचेपर्यंत आणली कशी, हे कुणी फारसं विचारत नाही. आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

बायझँटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याची राजकन्या ॲना कोम्नेना हिने बाराव्या शतकात पश्चिमेकडच्या लोकांच्या या हत्याराचं वर्णन करून ठेवलंय. माणूस चक्क उताणा पडतो, दोन्ही पाय कमानीला लावतो आणि दोन्ही हातांनी जीव खाऊन दोरी अंगाकडे ओढतो. बाईंना ते हत्यार सैतानी वाटलं. मला मात्र समोर शत्रू असताना उताणं पडणाऱ्या त्या सैनिकाची काळजी वाटते.

पुढे दांड्याच्या टोकाला लोखंडी रिकीब आली. तिच्यात पाय घालून क्रॉसबो जमिनीवर दाबून धरायचा. मग कमरेच्या पट्ट्याला आकडा आला. शिपाई गुडघ्यांत वाकायचा, आकडा दोरीत अडकवायचा आणि ताठ उभा राहायचा. झालं! हाताच्या जोरावर जे जमत नव्हतं ते मांड्या आणि पाठ करू लागल्या. तेराव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजांच्या कागदपत्रांत क्रॉसबोची नोंदच अशी सापडते: एका पायाचा, दोन पायांचा, रहाटाचा. कोठारातल्या कारकुनाला पक्कं ठाऊक होतं की कमान कशी ओढायची यावरच पुढचं सगळं ठरतं.

पुढे पोलादी कमानी आल्या आणि माणसाची पाठ अपुरी पडली. राल्फ पेन-गॉलवे या इंग्रज अभ्यासकाने शंभरेक वर्षांपूर्वी एक जुना क्रॉसबो तपासला. त्याची दोरी ओढायला १२०० पौंड, म्हणजे सुमारे ५४५ किलोंचा जोर लागत होता. आता एवढा जोर कशाला? कारण दोरी मागे येते जेमतेम वीतभर. साधं धनुष्य कानापर्यंत ओढलं की बाणाला लांबवर ढकलत नेतं. क्रॉसबोला तेच काम वीतभरात उरकायचं असतं, त्यामुळे बरीचशी ताकद वायाही जाते.

अशा कमानीसाठी रहाट. दांड्याच्या मागच्या टोकावर लोखंडी टोपण बसवायचं. त्याला दोन बाजूंना दोन मुठी, त्यांच्यापासून निघालेल्या दोऱ्या कप्प्यांतून पुढे जातात आणि टोकाचे आकडे कमानीच्या दोरीला धरतात. पाय रिकिबीत, दोन्ही हात मुठींवर, आणि फिरवत राहायचं. दोरी खाचेत बसली की आकडे सोडवायचे, अख्खा रहाट काढून बाजूला ठेवायचा, मग कुठे बाण लावायचा. त्यात कप्प्यांच्या दोऱ्या गुंतल्या की बोंब! मिनिटाला एक-दोन बाण सुटले तरी पुष्कळ. तेवढ्यात चांगला इंग्रज धनुर्धर दहाएक बाण सोडून मोकळा.

ओढताना मान खाली आणि दोन्ही हात अडकलेले, म्हणून या लोकांपुढे मोठाली ढाल उभी लागे. ऑगस्ट १३४६ मध्ये क्रेसीच्या लढाईत फ्रान्सच्या बाजूने लढणाऱ्या जेनोआच्या क्रॉसबोवाल्यांच्या ढाली मागे सामानाच्या गाड्यांतच राहिल्या होत्या. त्यात लढाईच्या तोंडावर पाऊस झाला. इंग्रज धनुर्धरांच्या बाणांपुढे त्यांना माघार घ्यावी लागली, आणि शिवाय फ्रेंच सरदारांनी भेकडपणाचा ठपका त्यांच्यावरच ठेवला.

घोडेस्वाराला रहाट सोयीचा नाही. त्याच्यासाठी शेळीच्या पायासारखी दिसणारी दुबेळकी तरफ होती, झटपट चालणारी, पण फार ताठ कमानीपुढे हतबल. त्यावर जर्मन मुलखात तोड निघाली ती दातेरी पट्टीची. छोट्या लोखंडी डबीत दातेरी चक्रं, त्यांतून सरकणारी लांब पट्टी, टोकाला आकडे. मोटारीच्या जॅकसारखंच काम: हँडल फिरवत राहा, पट्टी दोरीला इंच इंच मागे आणते. वेळ अर्धा मिनिट तरी जातो, पण जोर जवळजवळ लागत नाही. लढाईत बंदुका आल्यावरही उमराव मंडळी शिकारीला हेच नेत, कारण याचा बार होत नाही आणि बाकीचं सावज बिथरत नाही. त्या डब्यांवरची नक्षी तर दागिन्याच्या तोडीची असे.

लंडनला मुलांकडे जाणं झालं तर वॉलेस कलेक्शन हे संग्रहालय बघा, तिकीट नाही. तिथे क्रॉसबो आहेत आणि ही अवजारंही. क्रॉसबोचा दांडा बाजूने न्याहाळा. खाचेच्या फिरकीमागे लगेच दोन्हीकडे खुंट्या दिसल्या तर तो तरफेचा, खुंट्या बऱ्याच मागे असल्या तर दातेरी पट्टीचा. खुंट्या नाहीत आणि पुढे रिकीब आहे, तर तो बहुधा आकड्याचा किंवा रहाटाचा.